वीरगळावर नाव नसतं

(आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात प्रजासत्ताक दिनाच्या संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये दिलेलं हे व्याख्यान. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे. बोलताना जसं बोललो तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. आयुष्यभर बँकेत लेजर लिहिलं. शेवटची काही वर्षं ते कॉम्प्युटरवर लिहिलं, एवढाच फरक. पण बँकेच्या माणसाला एक सवय असते. कोणताही व्यवहार समोर आला की तो विचारतो, पैसे कुठून आले, कुणाच्या खात्यावर गेले आणि शेवटी भरले कुणी? लढायांच्या गोष्टी मी लहानपणापासून वाचत आलो, त्याही याच सवयीने. जिंकलं कोण हे पुस्तकात असतंच. भरलं कुणी, हे शोधावं लागतं.

आणि त्यासाठी आपल्याला लांब जायला नको. वलवण हे गाव अशा जागी आहे की दोन हजार वर्षं जो कुणी कोकणातून देशावर किंवा देशावरून कोकणात गेला, तो आपल्या अंगणातूनच गेला. आज एक्सप्रेस-वेवरून गाड्या जातात. त्या काळी बैलांचे तांडे जात, घोडदळं जात, तोफा जात. घाट तोच. ज्याच्या हातात घाट त्याच्या हातात जकात, आणि जिथे जकात तिथे तलवार. एवढं सूत्र लक्षात ठेवलं की मावळचा सगळा इतिहास उलगडतो.

सुरुवात करू या लोणावळ्यानंतरच्या पहिल्या स्टेशनापासून, म्हणजे मळवलीपासून. एका बाजूला कार्ले, दुसऱ्या बाजूला भाजे. एकवीरा आईच्या दर्शनाला आपण सगळेच जातो. देवळाशेजारी चैत्यगृहाच्या तोंडाशी मोठा सिंहस्तंभ आहे. त्याच्यावर ब्राह्मी लिपीत लिहिलंय की हा सिंहस्तंभ गोतीपुत्र महारठी अग्निमित्रणक याचं दान आहे. महारठी ही त्या काळच्या मोठ्या सरदारांची पदवी. पलीकडे भाज्याला पाण्याचं एक टाकं आहे, तेही महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्त नावाच्या माणसानं दिलेलं आहे. मला या टाक्याचं फार वाटतं. या माणसानं किती लढाया मारल्या ते कुठेही लिहिलेलं नाही. तहानलेल्याला पाणी दिलं, तेवढं मात्र दोन हजार वर्षं टिकलं.

कार्ल्यातच आणखी एक गंमत आहे. नहपान नावाचा क्षत्रप राजा होता, त्याचा जावई उषवदात. त्यानं इथल्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक नावाचं गाव दान दिलं, तसा लेख आहे. त्याच लेण्यात सातवाहन राजाचाही आदेश आहे, मामाल इथल्या अमात्याला उद्देशून. त्यात तेच गाव भिक्षूंना दिलेलं आहे. मामाल म्हणजे आपलं मावळ बरं का! दोन हजार वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदावर, म्हणजे दगडावर, आपल्या तालुक्याचं नाव आहे.

आता एकच गाव दोन राजांनी का दिलं? कारण मध्ये युद्ध झालं. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पराभव केला, राज्य बदललं. जुनं दानपत्र नव्या मालकाच्या सहीशिवाय चालेना. आम्ही बँकेत याला रिन्यूअल म्हणायचो. याच युद्धाचा दुसरा पुरावा नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली सापडला. नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी एका ठिकाणी मिळाली आणि त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा पुन्हा मारलेला होता. आपल्याकडे नोटाबंदी झाली तेव्हा रांगा लागल्या. या राजानं शत्रूची नाणी रद्द केली नाहीत, वरून आपला शिक्का उमटवला आणि चलनात ठेवली. नाणं तेच, चांदी तीच, मालक बदलला. लढाईत काय होतं, ते यापेक्षा थोडक्यात कुणी सांगू शकेल असं वाटत नाही.

पण महारठींची नावं राहिली, राजांची राहिली. त्यांच्या बाजूने जे पायी लढले त्यांचं काय?

त्यांच्यासाठी वीरगळ. मावळातल्या कितीतरी गावांत देवळाच्या बाजूला, पिंपळाच्या पाराशी, कधी शेताच्या बांधावर कोरलेले उभे दगड दिसतात. काहींना शेंदूर फासलेला असतो, काहींवर कपडे वाळत घातलेले असतात. खालच्या चौकटीत लढाई असते, बहुतेक वेळा गावची गुरं पळवणाऱ्यांशी. एक माणूस पडलेला असतो. त्याच्या वरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात नेतात. सगळ्यात वर तो शिवपिंडीची पूजा करत बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे चंद्र-सूर्य असेपर्यंत तुझी आठवण राहील, असा गावानं दिलेला शब्द. बहुतेक वीरगळांवर नाव मात्र नसतं. गावाला तेव्हा नाव माहीत होतं, लिहायची गरज वाटली नाही. चार पिढ्यांनंतर दगड राहिला आणि नाव गेलं. आजचं माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे, एवढं ध्यानात ठेवा.

आता शिवकाळ. बाजीप्रभू, तानाजी यांच्या गोष्टी मी सांगत बसणार नाही, त्या इथल्या पहिलीतल्या मुलालाही पाठ आहेत. मी आपल्या शेजारची गोष्ट सांगतो, उंबरखिंडीची.

१६६१ साल. शाहिस्तेखान पुण्यात लाल महालात तळ ठोकून बसला होता. त्यानं कारतलबखान नावाच्या उझबेक सरदाराला कोकण घ्यायला पाठवलं. बरोबर रायबागन होती. ही माहूरची सावित्रीबाई देशमुख, पराक्रमामुळे बादशहानं तिला रायबागन म्हणजे राजवाघीण असा किताब दिला होता. खानानं बोरघाटाचा सरळ रस्ता सोडला आणि कुरवंड्याच्या बाजूने खाली उतरायचं ठरवलं. आज आपण नागफणीवर उभे राहून फोटो काढतो ना, तिथून खाली जी दरी दिसते त्याच बाजूला ही सगळी फौज उतरली. वाट इतकी अरुंद की हजारोंच्या फौजेची एक लांबच लांब माळ झाली. खाली चावणी गावाजवळ दाट रान. वारा नाही, पाणी नाही. कवींद्र परमानंदांनी शिवभारतात याचं वर्णन केलेलं आहे.

२ फेब्रुवारीला ही माळ रानात अडकली. महाराजांची माणसं दोन्ही बाजूंच्या उतारावर आधीपासून दबा धरून बसलेली. पुढे जायला वाट नाही, मागे फिरायला जागा नाही, घोडं वळवायचं म्हटलं तरी पंचाईत. थोड्या वेळात खानाच्या फौजेची दाणादाण उडाली. रायबागननं त्याला स्पष्ट सुनावलं की सिंहाच्या जाळीत तू स्वतःहून शिरलास, आता शरण जा. खानानं वकील पाठवला. महाराजांनी अट घातली, खंडणी द्या, सामान इथेच ठेवा आणि चालते व्हा. खान गेला.

माझ्या हिशेबाने ही महाराजांची सर्वांत मोठ्या नफ्याची लढाई. सामान मिळालं, घोडे मिळाले, कोकणावरचं संकट टळलं, आणि आपली माणसं फारशी खर्ची पडली नाहीत. शत्रूच्याही हजारो शिपायांना जिवंत घरी जाऊ दिलं. कापून काढणं शक्य असताना जाऊ दिलं. मुलांनो, शूरपणा म्हणजे किती मारले याची मोजणी नव्हे. आपला माणूस किती जपला, हीसुद्धा मोजणी असते.

महाराजांच्या कारभारातली आणखी एक गोष्ट बँकवाल्याला भावते. गड एका माणसाच्या ताब्यात कधीच नसे. हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य-दारूगोळ्याचा साठा. आमच्याकडे तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि दोघे हजर असल्याशिवाय ती उघडत नाही, तशीच ही जॉइंट कस्टडी. सुरतेची लूट लोहगडावर ठेवली होती असं सांगतात, म्हणजे लोहगड ही आपल्या भागातली त्या काळची करन्सी चेस्टच म्हणायची! पुढे १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, त्यात लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे आपले सगळे शेजारी गेले. पाच वर्षांत परतही घेतले.

आणि चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या आपल्या लष्करी अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे, ते प्रत्येकानं शोधून वाचावं. त्याचा आशय असा की दाणागोटा आणि वैरण आताच उधळाल तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरचं दाणे, गवत, भाजीपाला ओढून आणाल, आणि रयत म्हणेल की यापेक्षा मोगल बरे होते. त्यात इतकं बारीक लिहिलंय की रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल. राज्य उभं करणाऱ्या माणसाला उंदीर दिसतो, वात दिसते आणि कुणब्याची भाजी दिसते! मी नोकरीत शेकड्याने ऑडिट रिपोर्ट वाचले, याच्या तोडीचा एकही नाही.

आता शंभर-सव्वाशे वर्षं पुढे येऊ. आपल्या भागातली सर्वांत मोठी लढाई, वडगावची. तुमच्यापैकी अनेकजण रोज लोकलने वडगाव स्टेशनवरून जातात. मान वर करून बघतात किती, हा वेगळा प्रश्न.

राघोबादादांना पेशवेपद मिळवून देतो म्हणून मुंबईकर इंग्रज १७७८ च्या नोव्हेंबरात फौज घेऊन निघाले. सुमारे ३,९०० माणसं. आणि सामान ओढायला बैल किती? एकोणीस हजारांवर! माणशी जवळजवळ पाच बैल. आता तुम्हीच सांगा, ही फौज म्हणायची की वऱ्हाड? कॅप्टन जेम्स स्टुअर्ट या तरण्या अधिकाऱ्यानं पुढे जाऊन घाट ताब्यात घेतला. मुख्य फौज डिसेंबरच्या शेवटी घाटमाथ्यावर, म्हणजे खंडाळा-लोणावळ्यात पोचली. इथून तळेगावला पोचायला त्यांना ९ जानेवारी उजाडली. लोकलला पाऊण तास लागतो, त्यांना दोन आठवड्यांहून जास्त लागले. काही दिवस तर दिवसाला एक मैलसुद्धा हलले नाहीत.

कारण वाटेत महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांच्या फौजा होत्या. समोरासमोर भिडायचंच नाही, पुढून-मागून-बाजूने सतावायचं, रसद तोडायची, अशी मराठ्यांची जुनीच रीत. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ स्टुअर्ट तोफेच्या गोळ्यानं मेला. टेहळणीसाठी झाडावर चढला होता असं इथले लोक सांगतात. हा माणूस इतका धाडसी होता की मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणायला सुरुवात केली होती. फाकडा म्हणजे बेडर, देखणा, निधड्या छातीचा. त्याचं थडगं वडगावात आहे आणि गावकऱ्यांनी त्याला जवळपास देवाचं स्थान दिलंय. आपल्यावर चालून आलेल्या शत्रूला नवस बोलणारी माणसं जगात फार ठिकाणी नसतील. मला यात मावळचा स्वभाव दिसतो. भांडण भांडणाच्या जागी, पण मर्द होता हे कबूल.

इंग्रज तळेगावला पोचले तेव्हा गाव ओसाड. मराठ्यांनी स्वतःच जाळलं होतं, शत्रूला दाणा मिळू नये म्हणून. पुढे चिंचवड आणि वेळ आली तर पुणेसुद्धा जाळायची तयारी ठेवली होती. इंग्रजांच्या सेनापतींचा धीर सुटला. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, सामान पेटवलं आणि अंधारात मागे फिरले. मराठ्यांना ते कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी चहूबाजूंनी गाठलं. पिछाडी सांभाळणारा कॅप्टन हार्टली चिवटपणे लढला म्हणून फौज वडगावपर्यंत तरी पोचली. तिथे वेढा पडला. १६ जानेवारीला तह झाला, साष्टी वगैरे घेतलेला मुलूख परत करायचा, राघोबादादांना सोडायचं आणि दोन इंग्रज अधिकारी ओलीस ठेवायचे. ज्या कंपनीपुढे हिंदुस्थानातली राज्यं एकामागून एक वाकत होती, तिनं वडगावच्या माळावर मान खाली घातली. महादजींचं नाव हिंदुस्थानभर झालं. पुढे वरच्यांनी हा तह मानला नाही ही गोष्ट वेगळी. त्यानंतर लढाई चालू राहिली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं मिटली.

हे झालं पुस्तकातलं. आता लेजर उघडू.

पहिली नोंद, तळेगाव. गाव जळलं ते आपल्याच माणसांनी, राज्य वाचवण्यासाठी. डावपेच अचूक होता याबद्दल दुमत नाही. पण ऐन थंडीत पोराबाळांना घेऊन डोंगरात गेलेल्या त्या घरांची नावं कुठल्या बखरीत आहेत? दुसरी नोंद, कंपनीच्या फौजेत गोरे सहाशेच्या आसपास. बाकीचे शिपाई आपलेच, कोकणातले, देशावरचे. पगार वेळेवर मिळतो म्हणून कंपनीकडे गेलेले. म्हणजे वडगावला दोन्ही बाजूंनी मराठी बोलणारी माणसं पडली. स्टुअर्टची समाधी झाली. त्याच्या हाताखालच्या शिपायांना ना समाधी, ना वीरगळ.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला फारसं गोड नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांनी विसापूर घेतला आणि वरून तोफा रोखल्यावर शेजारचा लोहगड दुसऱ्याच दिवशी पडला. ज्या लोहगडावर नाना फडणविसांनी सोळाकोनी बाव बांधली, तिथे आता पाऊस आणि पर्यटक.

राज्य गेलं, पण शिपाई कुठे गेला? तो फौजेतच राहिला, निशाण बदललं. १७६८ मध्ये कंपनीनं उभी केलेली एक पलटण वाढत वाढत आजची मराठा लाइट इन्फंट्री झाली. तिचं केंद्र बेळगावला. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही तिची रणघोषणा. ही पलटण, किंवा तिच्या भाऊबंद पलटणी, पहिल्या महायुद्धात इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात गेल्या. ज्या डिव्हिजनमधून गेल्या तिचं नावच पूना डिव्हिजन होतं. आपल्या पुण्याचं नाव!

ही डिव्हिजन बगदादच्या रोखानं गेली, तिथून मागे हटली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुट या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकली. जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं, घोडी आणि खेचरं मारून खायची वेळ आली. आपल्या शिपायांनी सुरुवातीला ते मांस खायला नकार दिला. माळकरी घरातली, वारी करणारी पोरं असतील त्यांच्यात. विचार करा, इंद्रायणीकाठचा एखादा मुलगा टायग्रिस नदीच्या काठी उपाशी बसलाय आणि समोर घोड्याचं मांस आहे. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. पुढे वाळवंटातून पायी चालवत नेलं, त्यात आणि कैदेत हजारो मेले.

१९२९ मध्ये बसऱ्याला या मोहिमेतल्या मृतांचं मोठं स्मारक झालं. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि पुढे आकडा. अमुक पलटण, इतके इतर. जगानं बांधलेला हा केवढा मोठा वीरगळ, आणि त्यावरही आपल्या माणसाचं नाव नाही! ज्या संस्थेकडे या स्मारकांची देखभाल आहे, तिनं २०२१ मध्ये अहवाल काढून हा भेदभाव झाल्याचं मान्य केलं. शंभर वर्षांनी.

महाराष्ट्रात काही गावांनी मात्र हिशेब ठेवला. साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले. आजही तिथे घरटी फौजी आहे आणि गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलंय.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत. १० जुलै १९४४ ला नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशिनगनच्या माऱ्यात पडले. हा माणूस एकटा त्या मशिनगनवर चालून गेला, ती बंद पाडली आणि तिथेच धारातीर्थी पडला. ते माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. माणगावला त्यांचं स्मारक आहे, कोकणात जाताना जरूर थांबा. दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून पाण्यापलीकडे सुरक्षित पोचवलं आणि परत फिरून शत्रूची मशिनगन ठाणी उडवली. त्यांनी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली ती इटलीतल्या बांधावर! ते परत आले आणि १९८४ पर्यंत जगले.

स्वातंत्र्यानंतरचा एकच सांगतो, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे, कारवारकडचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता. सुरुंग पेरलेले, झाडं आडवी टाकलेली. हे जखमी झालेले असताना रणगाड्याच्या खाली सरपटत, दोराने चालकाला इशारे देत, पुढे पुढे रस्ता मोकळा करत गेले. चार दिवस. परमवीर चक्र हयातीत मिळालेले ते पहिले. बंदूक चालवून नव्हे, रस्ता करून देऊन परमवीर! घाटातल्या माणसांना याची किंमत जास्त कळावी.

आणि आपल्या दारातलं आयएनएस शिवाजी. १५ फेब्रुवारी १९४५ ला ते सुरू झालं तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. ज्यांनी या डोंगरातले महाराजांचे किल्ले तोफा लावून घेतले, त्यांच्याच आरमाराला महाराजांचं नाव घ्यावं लागलं. समुद्र इथून दिसतसुद्धा नाही, पण जहाजांची इंजिनं चालवणारी माणसं इथे तयार होतात. ९ डिसेंबर १९७१ ला 'खुकरी' बुडाली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांचं नाव आपल्याला माहीत आहे, असायलाच हवं. पण जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी काम करणाऱ्याला वर यायला सगळ्यात जास्त जिने असतात. सकाळी फिरायला जाताना तिथली पोरं धावताना दिसली की मला हे आठवतं.

आता शेवटचं. नोकरीत असताना एका तालुक्याच्या शाखेत माझ्याकडे पेन्शनचं टेबल होतं. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागायची. त्यात एक आजी. नवरा लढाईत गेलेला, ती तेव्हा विशीतली. मधल्या एका वर्षी तिचं फॅमिली पेन्शन थांबलं, कारण फौजेच्या कागदावर तिचं माहेरचं नाव आणि आमच्या पासबुकात सासरचं. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करायला एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात कागद फिरत राहिले. अकरा महिने. ती दर महिन्याला एसटीने यायची, बाकड्यावर बसायची आणि परत जायची. कधी आवाज चढवला नाही. शेवटी मंजुरी आली, थकबाकी जमा झाली. मी रक्कम सांगितली. तिनं ती नीट ऐकलीही नाही. कागद पुढे सरकवून म्हणाली, "साहेब, यात त्यांचं नाव कुठं लिहिलंय तेवढं दाखवा." मी बोट ठेवून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, कागदाची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

मंडळी, सिंहस्तंभ, वीरगळ, बसऱ्याचं स्मारक, हे सगळं एका पारड्यात घाला आणि ते बोट दुसऱ्या पारड्यात. मला तरी दुसरं पारडं जड वाटतं.

म्हणून पंचवीस वर्षं पूर्ण झालेल्या आपल्या संस्थेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. कर्ज मागत नाही, घाबरू नका. एक, आपल्या सभासदांच्या घरांत, आजोळी, सासरी जे कुणी सैन्यात होते किंवा आहेत त्यांची नावं, पलटण आणि गाव असं एक रजिस्टर ऑफिसात ठेवावं. पणजोबांचं नुसतं नाव आठवत असलं तरी लिहावं. दोन, दर नोव्हेंबरात एका रविवारी आपल्यातले आम्ही दोघं-तिघं निवृत्त बँकवाले क्लब हाऊसमध्ये बसू. आसपासच्या वाड्यांतल्या माजी सैनिकांचे आणि त्यांच्या विधवांचे हयातीचे दाखले, नावाच्या दुरुस्त्या, अर्ज, जे असेल ते भरून देऊ. आता अंगठा लावून घरबसल्या दाखला होतो, फक्त कुणीतरी करून द्यायला पाहिजे. तीन, मुलांची सहल वॉटर पार्कला नेताय ती जरूर न्या, पण वर्षातून एकदा भाज्याचं ते टाकं, चावणीचं उंबरखिंड स्मारक आणि वडगाव दाखवा. पाणी भाज्यालाही आहे.

आणि जाता जाता एक चौथी गोष्ट, ही मागणी नाही. रात्री अकरानंतर गाडी घेऊन आलात की फाटकावर जे काका पट्टी वर करतात, टोपीला हात लावतात, ज्यांना आपण काचेतून "ए वॉचमन" अशी हाक मारतो, ते सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत होते. सियाचीनला दोन हिवाळे काढलेत त्यांनी. त्यांचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. आज घरी जाताना काच खाली करा आणि त्यांनाच विचारा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.